बदली गोलकीपर नव्हता म्हणून

परवा ती पोस्ट पुन्हा एकदा फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. रक्ताळलेल्या चेहऱ्याचा गोलकीपर, शेजारी पांढरट मास्क घातलेला तोच माणूस, आणि खाली ठळक अक्षरांत: लोक हसले, त्याने पर्वा केली नाही, खेळ कायमचा बदलला. तुम्हीही भीतीवर मात करा. वगैरे वगैरे. खाली हात जोडलेल्यांची रांग.

माणूस खरा आहे. झाक प्लांट, माँट्रियल कॅनेडियन्सचा आइस हॉकी गोलकीपर. घटनाही खरी. पण गोष्ट अर्धीच सांगितली आहे आणि कामाचा अर्धा भाग नेमका गाळला आहे. आपल्याकडे आइस हॉकी कोणी बघत नाही, मान्य. तरी पाच मिनिटं द्या.

आधी पक म्हणजे काय ते बघा. कडक रबराची चकती, तीन इंच व्यासाची, एक इंच जाड. वजन साधारण क्रिकेटच्या चेंडूएवढं. उसळू नये म्हणून ती गोठवून घेतात. जोरकस फटका ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे जातो. आणि 1959 पर्यंत नॅशनल हॉकी लीगमधला गोलकीपर पायाला पॅड, हाताला ग्लोव्ह, छातीला संरक्षण बांधून उभा राहायचा. चेहरा उघडा. नाही, गरिबीमुळे नाही. पॅडला पैसे होते ना?

1 नोव्हेंबर 1959, न्यू यॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. सामना सुरू होऊन जेमतेम तीन मिनिटं झालेली. रेंजर्सच्या अँडी बाथगेटने मारलेला पक प्लांटच्या चेहऱ्यावर बसला. नाकापासून ओठापर्यंत फाटलं. आत नेऊन टाके घातले. त्याआधी या माणसाची गालाची हाडं मोडून झाली होती, नाक मोडून झालं होतं, सायनसचं ऑपरेशन झालं होतं. सरावात तो काही वर्षं मास्क घालतच होता. बिल बर्चमोर नावाच्या फायबरग्लासच्या विक्रेत्याने त्याच्या चेहऱ्याच्या मापाचा मास्क बनवून दिला होता. म्हणजे वस्तू तयार होती. डोकंही तयार होतं. सामन्यात घालायला प्रशिक्षक टो ब्लेक परवानगी देत नव्हते.

मग त्या रात्री का दिली?

कारण दुसरा गोलकीपर नव्हता. तेव्हा संघ एकच गोलकीपर घेऊन प्रवास करायचे. तो पडला तर यजमान संघाने स्टेडियममध्ये बसवून ठेवलेला एखादा हौशी माणूस उभा करायचा. प्लांटने टाके घालून घेतले आणि ब्लेकना सांगितलं, मास्क घालून जाईन, नाहीतर जाणार नाही. सामना खोळंबलेला, प्रेक्षक भरलेले. ब्लेकनी मान डोलावली, तीही जखम भरेपर्यंतच. कॅनेडियन्स 3–1 जिंकले.

प्लांट धाडसी होता, वाद नाही. पण त्या रात्री त्याच्या हातात एक गोष्ट होती जी बाकीच्यांच्या हातात कधीच नव्हती: काही मिनिटांपुरता त्याला पर्याय नव्हता. शिवाय त्याच्या मागे लागोपाठ चार स्टॅन्ली कप आणि लागोपाठ चार व्हेझिना ट्रॉफी होत्या. कोणी नवखा पोरगा असता तर सकाळी त्याची बॅग बाहेर असती.

लीगमध्ये संघ सहा. एकेक गोलकीपर. म्हणजे अख्ख्या लीगमध्ये या कामाच्या नोकऱ्या सहा, आणि खालच्या लीगमध्ये डझनावारी मुलं वाट बघत उभी. करार असा की मालक सोडेपर्यंत तुम्ही त्याचे. अशा ठिकाणी "मला तोंडाला लागेल अशी भीती वाटते" हे वाक्य कोण उच्चारेल?

इथे नेहमीचा आक्षेप येतो. मालकांनी कुठे बंदी घातली होती, गोलकीपरच मास्कला नावं ठेवायचे. खरंय, ठेवायचे. गंप वर्सलीने कारकिर्दीच्या अगदी शेवटच्या काही सामन्यांपर्यंत मास्क घातला नाही आणि त्याचा त्याला अभिमान होता. सुरुवातीचे मास्क वाईट होते हेही कबूल करायला हवं. 1930 मध्ये क्लिंट बेनेडिक्टने चामड्याचा मास्क लावून बघितला, पण त्याच्या नाकाडामुळे पायाजवळचा पक दिसेना म्हणून सोडून दिला. पण मला सांगा, वाईट मास्कवर उपाय चांगला मास्क असतो की उघडं तोंड? आणि तो चांगला मास्क यायला त्यानंतर एकोणतीस वर्षं का लागली? लीगला फायबरग्लासवाला सापडत नव्हता की शोधायची गरज वाटत नव्हती?

आता ग्लेन हॉलकडे बघा. 1955 ते 1962, सलग 502 सामने. मास्क नाही, एकही सुट्टी नाही. हा विक्रम मोडला जाणार नाही असं लोक कौतुकाने सांगतात. हा माणूस बहुतेक सामन्यांआधी उलटी करायचा, तेही कौतुकानेच सांगतात! मला त्यात कौतुक करण्यासारखं काही सापडत नाही. एका माणसाचं पोट रोज जे सांगत होतं ते तोंडाने सांगायची सोय नव्हती, एवढंच दिसतं.

सोय का नव्हती, त्याचं उत्तरही हॉलच्याच कारकिर्दीत आहे. 1957 मध्ये डेट्रॉइटच्या टेड लिंडसेने खेळाडूंची संघटना काढली. मागण्या फार नव्हत्या, पेन्शनचा हिशोब दाखवा वगैरे. लिंडसे तेव्हा लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक, हंगामही उत्तम गेलेला. त्याच उन्हाळ्यात डेट्रॉइटने त्याला तळाला घसरलेल्या शिकागोला देऊन टाकलं. त्याच सौद्यात ग्लेन हॉलही गेला. पुढच्या वर्षापर्यंत संघटना मोडली. सहा मालकांनी सहा खोल्यांत निरोप पोचवला होता आणि तो सगळ्यांना कळला.

ब्लेकना मी खलनायक करत नाही. त्यांची स्वतःची कारकीर्द 1948 मध्ये पाय मोडून संपली होती. दुखापत म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकायचं नव्हतं. तरीही मार्च 1960 मध्ये, मास्क घालून संघ जिंकत असताना, त्यांनी प्लांटला एकदा मास्क काढून खेळायला लावलं. डेट्रॉइटने 3–0 हरवलं. दुसऱ्या सामन्यापासून मास्क परत आला तो कायमचा. स्वतःचा पाय मोडलेला माणूसही दुसऱ्याच्या तोंडाबाबत असा वागतो, कारण खुर्ची बदललेली असते. परांचीवर चढणाऱ्याला "पट्टा कशाला, इतकी वर्षं चढतोयस ना" म्हणणारे मुकादम एकेकाळी स्वतः परांचीवरच होते.

आणि प्लांटचं पुढे काय झालं? पोस्टमध्ये तो इथे अमर होतो. प्रत्यक्षात त्याला लहानपणापासून दमा होता, आणि टोरोंटोत संघाच्या हॉटेलात श्वास कोंडतो म्हणून तो वेगळ्या हॉटेलात राहायचा. व्यवस्थापनाला ही नाटकं वाटायची. स्वतःच्या टोप्या स्वतः विणणारा, एकटा राहणारा, तक्रार करणारा माणूस. 1962 मध्ये हार्ट ट्रॉफी, म्हणजे लीगमधला सर्वात मोलाचा खेळाडू, आणि 1963 मध्ये रवानगी रेंजर्सकडे. 1965 मध्ये निवृत्ती.

मास्क सगळ्यांच्या तोंडावर कधी आला? तारखा शेजारी शेजारी ठेवा. 1965–66 पासून प्रत्येक संघाला दोन गोलकीपर तयार ठेवणं बंधनकारक झालं. 1967 मध्ये सहाचे बारा संघ झाले आणि खेळाडूंची संघटना पुन्हा, या वेळी टिकणारी, उभी राहिली. सहाच्या ठिकाणी चोवीस जागा. पुढच्या सात वर्षांत उघड्या तोंडाचे गोलकीपर संपले. शेवटचा पिट्सबर्गचा अँडी ब्राउन, एप्रिल 1974. नुसतं प्लांटकडे बघून लोक शहाणे झाले असते तर एवढी वर्षं लागली नसती. चांगले मास्क, तिरक्या फळीच्या काठ्या, वाढलेला वेग हेही सगळं त्यात आहेच. पण नोकरी जाईल ही धास्ती कमी झाली हे कोणी मोजतच नाही, म्हणून मी मोजतोय.

1968 मध्ये सेंट लुईसच्या नव्या संघाने निवृत्त प्लांटला परत बोलावलं. जोडीला कोण? ग्लेन हॉल. सदतीस वर्षांच्या हॉलने त्याच हंगामात पहिल्यांदा सामन्यात मास्क घातला. दोघांनी सामने वाटून घेतले आणि त्या वर्षीची व्हेझिना ट्रॉफी दोघांना मिळून मिळाली.

मे 1970, बॉस्टनविरुद्ध अंतिम फेरीचा पहिला सामना. फ्रेड स्टॅनफिल्डचा फटका फिल एस्पोझिटोच्या काठीला लागून वळला आणि प्लांटच्या कपाळावर बसला. मास्क फुटला, प्लांट बेशुद्ध पडला. मास्क नसता तर मी मेलो असतो, असं त्याने नंतर सांगितलं. त्याला हॉस्पिटलात नेलं. बाकावर अर्नी वेकली बसलेला होता. तो उठला आणि गोलात जाऊन उभा राहिला.