जुन्या बंदुकांना सूट नको, नोंद हवी

नागपूरकर पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनला लिलावात निघाली आणि राज्य सरकारने सुमारे ४७ लाख रुपये मोजून ती मिळवली. हे योग्यच झाले. पण त्याच भोसल्यांच्या मुलखात, कळमेश्वर किंवा काटोलमधल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर उद्या तोड्याची बंदूक सापडली, तर घरच्यांनी काय करावे? बहुतेकांना सुचणारे मार्ग दोनच. गुपचूप पुन्हा माळ्यावर ठेवायची, नाहीतर पोलीस ठाण्यात नेऊन द्यायची आणि विसरून जायचे. दोन्ही मार्गांनी बंदूक गंजते आणि तिच्याबरोबर ती कोणाची, कुठली, कोणत्या कारागिराची ही माहितीही जाते. यावरचा उपाय अशा शस्त्रांना आणखी सूट देणे हा नाही. संग्राहकांसाठी नोंदीवर आधारलेला वेगळा परवाना हवा.

सध्याचा कायदा या प्रश्नाकडे दोन टोकांनी पाहतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ४५ कालबाह्य घडणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या शस्त्राला पूर्ण मोकळीक देते. अट एवढीच, की दुरुस्त करूनही ते बंदूक म्हणून वापरता येता कामा नये. दुसऱ्या टोकाला विनापरवाना बंदुकीसाठी दोन ते पाच वर्षे कैद आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि वारसाने आलेल्या बंदुकाही त्याच मर्यादेत बसवल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने ‘क्युरिओ’ (संग्रहमोलाच्या वस्तू) गटातली छोटी शस्त्रे घेण्यासाठी आणि घरी ठेवण्यासाठी परवान्याची अट काढली. मात्र ती वापरायला, सोबत न्यायला किंवा दुसरीकडे हलवायला परवाना लागतोच.

यातली गोम या शेवटच्या अटीत आहे. वस्तू घरात ठेवायला परवाना नको, पण ती तपासून घेण्यासाठी नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातल्या, म्हणजे आपल्या अजब बंगल्यातल्या, जाणकारांकडे न्यायची तर परवाना हवा. शिवाय परवानाच नसल्याने त्या वस्तूची परवान्याच्या दप्तरात नोंद होत नाही. ती उद्या कोणाला विकली, कोणी तिची नळी साफ करून चालू केली, हे शासनाला कळायला मार्ग उरत नाही. आणि बंदूक ‘दुरुस्त करूनही चालणार नाही’ हे ठरवणार कोण? मालकाला त्यातले कळत नाही आणि ठाणे अंमलदाराकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. म्हणजे सूट घेणारा घाबरलेला आणि देणारा अंधारात.

जुनी असली तरी बंदूक ती बंदूकच, हा पहिला आक्षेप, आणि विदर्भात तो हसण्यावारी नेता येणार नाही. भरमार बंदुकीला काडतूस लागत नाही. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे भरायचे, गजाने ठासायचे, टोपी बसवून चाप ओढायचा, एवढ्यावर ती चालते. गडचिरोलीत गावकऱ्यांनी अशा बंदुका पोलिसांच्या स्वाधीन केल्याच्या बातम्या वारंवार येतात, त्या उगाच नाहीत. पण हा आक्षेप माझ्याच बाजूचा आहे. धोका वयावरून ठरत नाही, बंदूक कशी पेटते आणि तिची दारूगोळ्याची सोय आज होते का, यावरून ठरतो. ब्रिटनला हे अनुभवाने कळले. जुन्या बंदुकांसाठी गुन्हेगार गोळ्या बनवून घेऊ लागले, तेव्हा २०२१ च्या नियमांत १ सप्टेंबर १९३९ ही वयाची रेषा आखली गेली आणि काही काडतुसांच्या बंदुका सवलतीतून वगळल्या गेल्या. अमेरिकेत ५० वर्षांहून जुन्या शस्त्रांसाठी संग्राहकाचा स्वतंत्र परवाना आहे. त्यावर धंदा करता येत नाही आणि आलेल्या-गेलेल्या प्रत्येक बंदुकीची नोंदवही ठेवावी लागते. अमेरिकेचे बंदूकप्रेम आपल्याला नको, पण ही वही घ्यायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप असा, की ही श्रीमंतांची हौस. ऐतिहासिक वस्तूंची जागा संग्रहालयात. पण संग्रहालयांकडे जागा आणि माणसे मोजकी असतात, आणि वस्तू तिथवर पोहोचण्याआधी कोणीतरी ती ओळखून सांभाळलेली असावी लागते. हेतूनुसार वेगळी वागणूक देणेही आपल्या कायद्याला नवे नाही. २०२० मध्येच नेमबाजांना जास्त शस्त्रांची मुभा मिळाली, कारण त्यांचा उपयोग वेगळा आहे. संग्राहकाचा उपयोग तर गोळी न झाडण्याचाच आहे.

म्हणून परवाना असा असावा: दारूगोळा घेण्यास पूर्ण बंदी, प्रत्येक शस्त्राचे छायाचित्र आणि मोजमाप, ठरावीक काळाने तपासणी, आणि तपासणीला किंवा प्रदर्शनाला नेण्यासाठी साधा वाहतूक पास. चालू होऊ शकणारी भरमार या परवान्याखाली येईल, आज तिच्यासाठी संग्राहकाचा असा वेगळा परवाना नाही. अर्ज ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि नागपूर शहरात पोलीस आयुक्तांकडे जावा. निर्णयाआधी पुरातत्त्व किंवा संग्रहालयाचा जाणकार आणि पोलिसांचा शस्त्रतज्ज्ञ यांचा एकत्रित दाखला लागावा. स्वतःहून शस्त्र जाहीर करणाऱ्याला ठरावीक मुदतीत कारवाईपासून संरक्षण मिळावे, नाहीतर कोणी पुढे येणार नाही. शस्त्र कायदा केंद्राचा असला तरी हा प्रस्ताव महाराष्ट्राने दिल्लीपुढे ठेवायला हवा. परदेशातून वारसा विकत आणणाऱ्या राज्याने घरातल्या वारशाची किमान यादी तरी करावी.