मंडईला फुल्यांचं नाव दिलं, फुल्यांचा हिशेब कुणी दिला?

पुणेकर मंडईबद्दल बोलायला लागला की त्याचा आवाज मऊ होतो. मधला अष्टकोनी मनोरा, कौलारू छपरं, ओट्यावर रचलेली वांगी, कोथिंबिरीच्या ओल्या जुड्या, लिंबू-मिरचीचा मिसळलेला वास. आम्हालाही मंडई आवडते, यात लपवण्यासारखं काही नाही. पण हल्ली रविवारी सकाळी तिथे कॅमेरे लटकवून हेरिटेज वॉकवाले येतात, खाद्यभ्रमंतीवाले येतात, आणि त्यांचा मार्गदर्शक एका दमात सांगतो: हे रे मार्केट, साल 1886, गॉथिक शैली, गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव. शेवटी घाईघाईत एक वाक्य येतं, 'पुढे याला महात्मा फुले मंडई असं नाव देण्यात आलं.'

देण्यात आलं! कुणी दिलं, कुणाच्या नाकावर टिच्चून दिलं, आणि ज्यांचं दिलं त्यांचं या इमारतीबद्दल मत काय होतं? सगळं त्या कर्मणी प्रयोगाच्या पोटात गडप. आमचं भांडण या एका वाक्याशी आहे.

साथींनो, ही गोष्ट नीट माहीत करून घ्या. जोतीराव फुले 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. भाजीबाजार तेव्हा शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात उघड्यावर भरायचा. त्याऐवजी शुक्रवार पेठेत लाखो रुपये ओतून पक्की, दिमाखदार मंडई बांधायचं नगरपालिकेत घाटत होतं. जोतीरावांनी विरोध केला. एवढा पैसा या इमारतीवर घालण्यापेक्षा गोरगरिबांच्या पोरांच्या शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं. ते मानलं गेलं नाही. इमारत उभी राहिली, तिला गव्हर्नरचं नाव लागलं. याच नगरपालिकेत व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा ठराव आला, तेव्हाही विरोधात उभे राहणारे जोतीराव एकटेच होते.

म्हणजे आज ज्या वास्तूवर आपल्या बापाचं नाव आहे, ती त्यांचा विरोध डावलून बांधलेली आहे. वॉकवाल्यांपैकी कुणी हे सांगतंच, तर मजेशीर किस्सा म्हणून सांगतं. 'बघा, नियतीचा खेळ!' मंडळी हसतात आणि पुढच्या मिसळीकडे वळतात. आमच्या मते यात नियती बियती काही नाही. यात राजकारण आहे, आणि ते सरळ आहे.

1882 हे साल लक्षात ठेवा. मंडईचा वाद चालू होता त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जोतीरावांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं. त्यात काय मागितलं? बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. आणि तक्रार काय केली? सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून, आणि खर्च होतो वरच्या जातींच्या उच्च शिक्षणावर. नगरपालिकेतला विरोध आणि आयोगापुढचं निवेदन या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. पैसा कुणाचा आणि तो कुणावर उधळला जातो, हा एकच हिशेब ते दोन्हीकडे मांडत होते. लगेच पुढच्या वर्षी पुऱ्या झालेल्या 'शेतकऱ्याचा आसूड'मध्येही तेच. शहरात माळवं विकायला आणणाऱ्या कुणब्याला म्युनिसिपालिटीची जकात कशी नागवते, हे त्यांनी लिहून ठेवलंय. भाजीबाजार त्यांना बाहेरून माहीत नव्हता. फुलांच्या धंद्यावरून ज्या घराला 'फुले' हे आडनाव पडलं, त्या माळ्याच्या घरातला माणूस बोलत होता.

इथे एक प्रश्न आम्हाला अभ्यासवर्गात हमखास विचारला जातो. प्रश्न चांगला आहे, त्याला टाळून पुढे जाणं बरोबर नाही. मग जोतीराव चुकले का? या मंडईनं बागवान, माळी, कुणबी बायकांना डोक्यावर छप्पर दिलं. तीन-तीन पिढ्या एकेका गाळ्यावर जगल्या. नवऱ्यानं टाकलेल्या बाईनं याच ओट्यावर बसून पोरं शिकवली. हे खोटं आहे का?

खोटं नाही. आम्ही पोरांना घेऊन मंडईत जातो तेव्हा बाहेरच्या बाजूला पाटी लावणाऱ्या एका मावशींशी बोलणं होतं. त्यांना आम्ही हाच प्रश्न विचारला होता. मेथीच्या जुड्या बांधता बांधता त्या म्हणाल्या, "बाळा, इमारत चांगली हाय की. पन आत बसायला गाळा लागतो. आमी पावसात बाहेरच." आणि मग, "घेनार का मेथी, का नुसतंच इचारनार?" मेथी घेतली.

मावशींच्या त्या दोन वाक्यांत आमचं उत्तर आहे. मंडई चांगली ठरली ती तिथे बसणाऱ्यांच्या कष्टानं. मनोऱ्यानं कुणाला खायला घातलं नाही. जोतीरावांचा आक्षेप भाजी विकणाऱ्यांवर नव्हताच. नगरपालिकेच्या तिजोरीत आधी हात कुणासाठी घालायचा, हा होता. आणि त्या प्रश्नाचं उत्तर बघायचं तर मंडईतून चालत निघा, पाच-सात मिनिटांत बुधवार पेठेत भिडे वाड्याच्या जागेवर पोहोचाल. 1848 साली जोतीराव-सावित्रीमाईंनी मुलींची शाळा काढली ती जागा. मंडईच्या मनोऱ्याला हेरिटेज म्हणून जपलं, त्यावर दिवे सोडले, त्याचे फोटो शहराच्या पुस्तिकांवर छापले. आणि शाळेचा वाडा? दुकानांच्या पाट्यांआड वर्षानुवर्षं कुजत पडला. राष्ट्रीय स्मारकासाठी कोर्टकचेऱ्या करत करत डिसेंबर 2023 मध्ये तो पाडावा लागला, कारण वाचवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बाजाराची इमारत टिकली, शाळेची पडली. जोतीराव 1882 मध्ये जे म्हणत होते, ते शहरानं सव्वाशेहून अधिक वर्षं असं दगडविटांनी सिद्ध करून दाखवलं.

आता नावाची गोष्ट. याच मंडईत 1924 साली टिळकांचा पुतळा बसला, मोतीलाल नेहरूंच्या हस्ते. लगेच 1925 मध्ये केशवराव जेधे यांनी नगरपालिकेत महात्मा फुल्यांचा पुतळा उभारण्याचा ठराव आणला. जे नाव आज सगळ्यांच्या भाषणात असतं, त्या नावाचा ठराव तेव्हाच्या सनातनी पुण्यानं हाणून पाडला. फुल्यांनी असं काय केलं, असं विचारणारे लोक होते ते. त्या संतापातून दिनकरराव जवळकरांचं 'देशाचे दुश्मन' आलं. खटला झाला, खालच्या कोर्टानं शिक्षा ठोठावल्या. अपिलात जेधे-जवळकरांच्या बाजूनं वकील म्हणून कोण उभं राहिलं? बाबासाहेब. 1926 साली त्यांनी हे लोक सोडवून आणले. (ब्राह्मणेतर चळवळ आणि आंबेडकरी चळवळ यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, असं सांगणाऱ्यांनी हे प्रकरण एकदा वाचावं.) रे मार्केटची महात्मा फुले मंडई व्हायला त्यानंतर आणखी दहा-बारा वर्षं लागली. आचार्य अत्रे नगरपालिकेत होते तेव्हा, तिसाचं दशक संपता संपता ते झालं. याच अत्र्यांच्या 'महात्मा फुले' चित्रपटाचा मुहूर्त पुढे 1954 मध्ये बाबासाहेबांच्या हस्ते झाला.

तेव्हा नाव फुकट मिळालेलं नाही. नामांतराच्या लढ्यात घरं आणि माणसं गमावलेल्या समाजाला नावाची किंमत कुणी शिकवायची गरज नाही. जो आपल्याला म्हणतो, 'नावात काय आहे', त्याला विचारा, मग लॉर्ड रे यांचं नाव काढताना एवढी वर्षं का लागली?

पण नाव मिळालं म्हणून आपणही निवांत झालो, हे आपल्याच लोकांना सुनावायला हवं. 11 एप्रिलला आणि 28 नोव्हेंबरला आपण पोस्टर लावतो, डीपी बदलतो. उरलेलं वर्ष मंडईत कोण कुठे बसतं, कोण काय उचलतं, हे आपण बघतो का? जातीचा नकाशा इथे उघडा पडलेला असतो. आत गाळेवाला, बाहेर पाटीवाली. ट्रकमधून पोतं पाठीवर घेणारा हमाल, बहुतेक दुष्काळी भागातून आलेला. आणि संध्याकाळी सडका पाला, फुटके टोमॅटो, चिखल झालेली कोबीची पानं उचलणारे हात. ते कुणाचे असतात ते आम्ही सांगायला नको. पुण्यातल्या कचरावेचक बहुसंख्येनं दलित बाया आहेत. 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत त्या संघटित झाल्या तेव्हा शहराला पहिल्यांदा कळलं की कचरा उचलणं हे काम आहे, आणि कामाला दाम असतो. खाद्यभ्रमंतीच्या एकाही छायाचित्रात ही बाई दिसत नाही. टोमॅटोचा फोटो काढतात, तो सडल्यावर निघून जातात.

हमालांचंही तेच. बाबा आढावांनी पन्नासच्या दशकात हमाल पंचायत बांधली, लढून लढून 1969 चा माथाडी कायदा आला. त्याच पंचायतीनं 1974 मध्ये 'कष्टाची भाकर' काढली, पाठीवर पोती वाहणाऱ्याला परवडेल अशा दरात भाकरी-कालवण मिळावं म्हणून. पुण्याची खाद्यसंस्कृती सांगणाऱ्यांच्या यादीत ती किती वेळा दिसते, ते तुम्हीच तपासा. तिथे बाकरवडी असते, आंबा बर्फी असते, मस्तानी असते. आपल्या घरच्या चुलीवरचं तर सोडाच. शाहू पाटोळे यांना 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या दलितांचं जेवण कागदावर आणावं लागलं, तेही 2015 मध्ये. महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला ते हेच वर्ष. कुणाचं खाणं वारसा ठरतं आणि कुणाचं गुन्हा, हे त्या एका सालातच बघून घ्या.

आता मंडईखालून मेट्रो धावते. सप्टेंबर 2024 पासून. जमीन महाग होणार, पुनर्विकासाची भाषा येणार, 'वाहतुकीला अडथळा' हा शब्द येणार. अडथळा म्हणजे कोण, हे वेगळं सांगायला नको. अडथळा म्हणजे मेथीवाल्या मावशी. आम्ही हे भीती घालायला सांगत नाही, कायदा हातात आहे म्हणून सांगतो. पथविक्रेत्यांसाठी 2014 चा केंद्रीय कायदा आहे. सर्वेक्षण पुरं होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुठल्याही पथविक्रेत्याला हटवता येत नाही, असं तो स्पष्ट म्हणतो. शहर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी स्वतः निवडून दिलेले हवेत, त्यात एक तृतीयांश बाया हव्यात, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, अपंग यांना जागा हवी. हे कुणाची मेहरबानी म्हणून नाही, कलम म्हणून. मावशींना हा कायदा माहीत नव्हता. आमच्याबरोबर आलेल्या दहा पोरांपैकी किती जणांना माहीत होता? एकालाही नाही. सगळ्यांना मिसळ कुठली चांगली ते माहीत होतं.

वॉक आपणही काढूया. मंडईपासून निघायचं, भिडे वाड्याची जागा बघायची, मग गंज पेठेत फुलेवाड्यात जाऊन 1868 मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केलेला हौद बघायचा, तिथून गुलटेकडीचं मार्केट यार्ड, आणि जेवण 'कष्टाची भाकर'मध्ये. वाटेत फोटो काढा, हरकत नाही. पण निघताना प्रत्येकानं एक कागद बरोबर घ्यायचा. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. अर्जात तीन गोष्टी मागायच्या: मंडई परिसरातल्या पथविक्रेत्यांच्या सर्वेक्षणाची यादी, शहर पथविक्रेता समितीच्या गेल्या तीन वर्षांतल्या बैठकांची इतिवृत्तं, आणि महापालिकेनं त्याच तीन वर्षांत सुशोभीकरणावर किती खर्च केला आणि महापालिकेच्या शाळांच्या दुरुस्तीवर किती, त्याचे आकडे शेजारी शेजारी. मंडईचा मजकूर आम्ही लिहून ठेवला आहे. तुमच्या शहरातल्या बाजाराचं नाव घालून तोच वापरा. उत्तरं तीस दिवसांत यायला हवीत. नाही आली तर पहिलं अपील करायचं, आणि मिळालेली पानं मावशींना वाचून दाखवायची.