गेटच्या आत कोण जाणार?



तुम्ही शहरातली पोरं. विद्यापीठाचं गेट तुमच्या रोजच्या येण्याजाण्यातलं. आमचं तसं नाही. आम्ही सोयगावचे. जिल्हा औरंगाबाद, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. पण तालुका पडलाय अजिंठ्याच्या घाटाखाली, खानदेशाच्या अंगाला. बाजाराला, दवाखान्याला आमचा माणूस जळगाव गाठतो. जिल्ह्याच्या गावाला जायचं तर फर्दापूर गाठा, घाट चढा, मग सिल्लोड, मग फुलंब्री. शंभर किलोमीटरच्या वर वाट.

तरी वर्षातून एकदा आम्ही ती वाट धरतोच. १४ जानेवारीला. यंदा मायला आणि भाचीला घेऊन गेलो.

कापूस वेचणीचे दिवस. रानात गेलं नाही की त्या दिवसाची मजुरी गेली. मायनं ती जाऊ दिली. भाकरी-ठेचा फडक्यात बांधला, पांढरं लुगडं नेसली आणि पहाटेच्या थंडीत शाल लपेटून यष्टीत बसली. गावात संक्रांतीची गडबड. तिळगूळ घ्या, गोड बोला. माय म्हणाली, "आपल्याशी गोड बोलाया ह्यांना सोळा वर्सं लागली. आन् बोलले तेबी अर्धंच."

माय शाळेत गेलेली नाही. पण हा हिशेब तिला पाठ आहे. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं ठराव केला, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा. ठराव कागदावर राहिला आणि मराठवाड्यात आमची घरं पेटली. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे गेला. माय सांगते, त्या पावसाळ्यात नुसती अफवा आली तरी चिमण्या विझवून लेकरं पोटाशी धरून बसायचो. मग १९७९ चा लाँग मार्च, लाठ्या, तुरुंग. १९९३ मध्ये गौतम वाघमारेनं नांदेडात स्वतःला जाळून घेतलं. तेव्हा कुठं १४ जानेवारी १९९४ उजाडला. मागितलं होतं नामांतर, हाती पडला नामविस्तार. 'मराठवाडा' तसंच ठेवून अलीकडं बाबासाहेब जोडले. त्याच वर्षी नांदेडचं विद्यापीठ वेगळं निघालं. मायचं 'अर्धं' ते हे.

गेटवर पोचलो तर पाय ठेवायला जागा नाही. निळे झेंडे, भोंगे, लेकरं खांद्यावर घेतलेले बाप. पुस्तकांच्या दुकानांवर झुंबड, हे बघून छाती भरून आली. व्यासपीठं मात्र जितके गट तितकी. एका भोंग्यातला नेता दुसऱ्या भोंग्यातल्या नेत्याला शिव्या देतोय, आणि आमची म्हातारी माणसं दोघांनाही टाळ्या देतायत.

मायनं चप्पल काढली. गेटच्या दगडाला हात लावला, कपाळाला लावला. काही बोलली नाही.

ह्या हात लावण्याला कुणी अंधश्रद्धा म्हणेल. म्हणू दे. ज्या दगडासाठी माणसं मेली त्याला हात लावायचा हक्क मायचा आहे. माझं भांडण तिच्याशी नाही.

माझं भांडण सुरू झालं भाचीच्या एका प्रश्नानं. पोरगी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला. तालुक्याच्या कॉलेजात शिकते, सुट्टीत कापूस वेचते. ती गेटमधून आत बघत म्हणाली, "मामा, आत आपल्याला सोडतात का?"

मला एकदम कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

अरे, ज्या दरवाजावर आपल्या बापाचं नाव, त्या दरवाजात आपलीच पोरगी विचारते, सोडतात का! मी तिचा हात धरून आत नेलं. बाहेर मुंगीला वाट नव्हती. आत थोडं चाललो तर रस्ता मोकळा. झाडं, विभागांच्या इमारती, पाट्या. ती एकेक पाटी मोठ्यानं वाचत चालली. तेवढ्या गर्दीतून आमच्या मागं किती आले? बोटावर मोजण्याइतके.

इथं माझं म्हणणं आहे, दोस्तहो. आपण नाव जिंकलं आणि गेटवर थांबलो. दरसाल येतो, फोटो काढतो, घोषणा देतो, रात्रीच्या गाडीनं परत. नाव हे सातबाऱ्यासारखं असतं. उतारा हातात आला, पण रान पडीक ठेवलं तर पोट भरत नाही.

बाबासाहेबांनी ह्या गावात आधी कमान बांधली नाही, आधी कॉलेज काढलं. १९५० साली, विद्यापीठाच्या आठ वर्षं आधी. त्या कॉलेजला नाव दिलं मिलिंद, परिसराला नागसेनवन. मिलिंद राजा प्रश्न विचारणारा, भिक्खू नागसेन उत्तरं देणारा. त्या आवारातली पोरं पुढं लिहिती-बोलती झाली. ह्याच गावातून 'अस्मितादर्श' निघालं. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव ज्यानं कॉलेजला दिलं, त्याच्या पोरांनी नुसतं हात जोडून परत फिरावं?

भाचीनं प्रश्न विचारला. उत्तर द्यायला गेटवर एकही टेबल नव्हतं. एम. ए.चा अर्ज कधी निघतो, सीईटी कुठं, वसतिगृहात जागा नाही मिळाली तर स्वाधारचे पैसे कसे मिळतात, शिष्यवृत्ती अडकली तर कुणाच्या दारात बसायचं, जातपडताळणीला काय लागतं, हे सांगणारा एकही भोंगा नव्हता. सोयगावच्या पोरीला हे कोण सांगणार? तिच्या घरी तर सोयरीक बघणं सुरू आहे. परीक्षा झाली की उरकून टाकू, म्हणतात.

म्हणून शहरातल्या पोरांनो, तुमच्याकडं मागणं आहे. पुढच्या १४ जानेवारीला एक व्यासपीठ कमी करा, एक टेबल मांडा. दोन पोरं, एक रजिस्टर. खेड्यातून आलेल्या प्रत्येक शिकत्या पोरापोरीचं नाव, गाव लिहून घ्या. जून आला की त्याला कळवा, अर्ज भरून घ्या, खोली बघून द्या. आणि शिष्यवृत्ती थकली तर त्या रजिस्टरातली सगळी नावं घेऊन मोर्चा काढा. घोषणेला तेव्हा वजन येईल.

परतीच्या यष्टीत सिल्लोड सुटलं, थंडी खिडकीतून आत आली. पोरगी मांडीवर डोकं ठेवून झोपलेली. मायनं तिच्यावर शाल ओढली आणि हळूच मला विचारलं, "फारम कवा निघतेत रे?"

म्हटलं, "माय, जूनच्या आसपास."

"मंग सोयऱ्याला सांग, जूनपर्यंत कुणी येऊ नका."

जयभीम.