मोनास्तिराकीचा चौक आणि आमचा माळा

गेल्या वैशाखांत चिरंजीवांनीं आम्हां उभयतांस चार दिवस अथेन्स नगरी दाखविली. ते नोकरीनिमित्त जर्मनींत असतात. तेथून विमानानें तीन तासांची वाट. अथेन्स म्हटलें कीं कोणाच्याहि डोळ्यांपुढें ॲक्रॉपॉलिसची टेकडी आणि तिच्या माथ्यावरील पार्थेनॉनचें देवालय उभें राहतें. तिचें वर्णन शालेय पुस्तकांतून इतके वेळां आलेलें आहे कीं, आम्हीं त्यांत भर घालण्याचें प्रयोजन नाहीं. आमचें मन गुंतलें तें त्या टेकडीच्या पायथ्याशीं असलेल्या मोनास्तिराकी नांवाच्या चौकांत. आणि त्याचें कारण आमच्या घरच्या माळ्यावर आहे, तें पुढें सांगूं.

मोनास्तिराकी म्हणजे लहानसा मठ. मठ केव्हांच गेला. मेरीमातेचें एक जुनें प्रार्थनामंदिर तेवढें चौकाच्या एका अंगास उरलें आहे. त्याच्याजवळच १८९५ सालीं झालेलें आगगाडीचें स्थानक. पुढें भुयारी गाडीचा दुसरा मार्ग येथें आणण्याकरितां जमीन उकरली, तेव्हां एरिदानोस नामक प्राचीन नदीचा प्रवाह विटांच्या कमानीखालीं वाहतांना दृष्टीस पडला. तो न बुजवितां स्थानकांतच उघडा राखलेला आहे. कामावर निघालेले लोक कठड्यावरून क्षणभर ओणवून तें पाणी पाहतात व गाडी गांठतात. हा मार्ग २००३ सालीं सुरू झाला. चौकांत पाऊल ठेवावें तों फळवाल्यांचे गाडे, भाजलेल्या कणसांचा वास, वाद्यें वाजविणारीं पोरें आणि देशोदेशींचे प्रवासी यांची अशी दाटी कीं, तुळशीबागेंतील सणासुदीची गर्दी आठवावी!

या गर्दीच्या ऐन मध्यभागीं एक घुमटाची मशीद आहे. त्झिस्ताराकिस नांवाच्या तुर्की सुभेदारानें ती १७५९ सालीं बांधिली. तिच्या चुन्यासाठीं त्यानें एका प्राचीन मंदिराचा संगमरवरी स्तंभ पाडून भट्टींत घातला. पुढें शहरांत सांथ आली, ती या स्तंभाच्या शापानेंच, असें तेथील लोक मानीत, व सुभेदाराची सत्ताहि त्या पापापायीं गेली म्हणून सांगतात. शापाची गोष्ट खरी असो वा नसो, स्तंभाचा चुना झाला तो झालाच. पुढें त्या मशिदींत मृत्तिकापात्रांचें संग्रहालय झालें.

मशिदीला लागूनच सम्राट हेड्रियनच्या ग्रंथालयाचे अवशेष. इ. स. १३२ मध्यें रोमच्या या विद्याप्रिय बादशहानें तें उभारिलें. शंभर खांबांचें प्रांगण आणि गुंडाळलेले ग्रंथ ठेवण्याचीं दालनें असा त्याचा थाट होता. आज पश्चिमेच्या भिंतीशीं सात स्तंभ तेवढे उभे दिसतात. चिरंजीवांनीं ग्रीक भाषेंत मोजून दाखविलें, "एप्ता". आणि आमच्या तोंडून सहजच "सप्त" असा पडसाद निघाला. त्यांचा "ओक्तो" तो आपला "अष्ट", त्यांचा "देका" तो आपला "दश". चाळीस वर्षें मुलांना रूपें घोकविणाऱ्या माणसास याहून मोठी मेजवानी ती कोणती!

इ. स. २६७ मध्यें हेरुली टोळ्यांनीं शहर लुटलें, त्यांत या ग्रंथालयाचा नाश झाला. पुढें त्याच्या आवारांत चर्च उठलें, तुर्कांच्या अमदानींत बाजार भरूं लागला. याच बाजारांत १८१४ सालीं एक घड्याळाचा मनोरा बांधला गेला. घड्याळ दिलें होतें लॉर्ड एल्गिननें. पार्थेनॉनवरील जीं शिल्पें त्यानें उतरवून विलायतेस नेलीं, त्यांच्या मोबदल्यादाखल ही भेट! तीं शिल्पें इंग्रज सरकारनें १८१६ सालीं विकत घेतलीं, तीं लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहेत. घड्याळ मात्र १८८४ च्या आगींत बाजाराबरोबर जळालें. हा इतिहास ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, म्हणजे जरीची पैठणी देऊन बोहारणीकडून स्टीलचा डबा घ्यावा, तसेंच कीं हें!" या एका वाक्यापुढें आमचें सारें व्याख्यान फिकें पडलें.

तेथून चार पावलांवर रोमन बाजाराच्या अवशेषांत अष्टकोनी संगमरवरी मनोरा आहे. अँड्रोनिकस नांवाच्या ज्योतिषवेत्त्यानें तो उभारिला. आठ बाजूंवर आठ वाऱ्यांच्या मूर्ति कोरल्या आहेत, जणूं आपले अष्टदिक्पालच! भिंतींवर छायायंत्रें आणि आंत पाण्यावर चालणारें घड्याळ होतें. त्याचें ग्रीक नांव होरोलोगिओन. आपल्या ज्योतिषांतील "होरा" आणि "केंद्र" हे शब्द याच यवनांकडून आलेले. यवन म्लेच्छ असले तरी हें शास्त्र त्यांच्यांत सुप्रतिष्ठित असल्यामुळें ते ऋषींप्रमाणें पूज्य होत, असा अभिप्राय वराहमिहिरानें बृहत्संहितेंत दिलेला आहे. सोंवळ्याओंवळ्याच्या काळांतहि विद्येच्या बाबतींत आपले पूर्वज किती मोकळ्या मनाचे होते, हें आमच्या तरुण वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां मुख्य गोष्ट. चौकाच्या पश्चिमेस इफेस्तू नांवाचा रस्ता जातो. इफेस्तोस म्हणजे त्यांचा लोहारकामाचा देव, आपल्या त्वष्ट्यासारखा. या रस्त्यालगत ॲबिसिनिया चौक आहे. तेथील जुन्या बाजारास लोक "युसुरूम" म्हणतात. त्या नांवाच्या ज्यू कुटुंबाचें येथें जुन्या मालाचें दुकान होतें. दर रविवारीं सकाळीं हा बाजार फुलतो, आणि आम्ही गेलों तो रविवारच होता. खुर्च्यांवर खुर्च्या रचलेल्या, कॉफी दळण्याचीं पितळी जातीं, किल्लीवांचूनचीं कुलुपें, कुलुपांवांचूनच्या किल्ल्या, ग्रामोफोनच्या तबकड्या, कोणा शिपायाचीं पदकें, कोणा म्हाताऱ्याचा चष्मा! आमच्या पुण्यांतील जुन्या बाजाराचाच हा थोरला भाऊ.

एका सतरंजीवर खोक्यांत छायाचित्रें भरलेलीं होतीं. कोणतेंहि घ्या, एक युरो. सौभाग्यवतींनीं एक उचललें. मध्यें खुर्चीवर काळ्या वस्त्रांतील वृद्धा, मागें उभे मुलगे आणि सुना, पुढें जमिनीवर नातवंडें. एका पोराचें तोंड हलल्यामुळें पुसट झालेलें. पाठीमागें कांहींच लिहिलेलें नव्हतें. दुकानदारास विचारलें, तर त्यानें खांदे उडविले. सौभाग्यवती कितीतरी वेळ तें हातांत धरून होत्या. मग म्हणाल्या, "अहो, ही कोणाची तरी सासू असेल हो. सारें घर तिच्या शब्दावर चाललें असेल. आणि आज एका नाण्याला!"

"घ्यायचें का?" चिरंजीवांनीं विचारलें.

"नको रे. दुसऱ्याचें गोत नेऊन आपण कोठें मांडणार?" असें म्हणून त्यांनीं तें जपून खोक्यांत ठेविलें.

आम्ही कांहीं बोललों नाहीं. कारण आम्हांस बोलण्यास तोंड नव्हतें. आमच्या गांवचा वाडा तिघां भावांचा सामाईक. तो आतां विकसकाकडे द्यावयाचा ठरला आहे, व त्याबद्दल आमची तक्रारहि नाहीं. गळक्या छपराखालीं वडील बंधूंनीं आणि वहिनींनीं किती वर्षें काढावीं? परंतु माळ्यावरील सामानाचें काय, असें त्यांनीं विचारलें, तेव्हां प्रवासाच्या घाईंत आम्हीं उत्तर दिलें होतें, "दादा, जें करावयाचें तें करा. मोडीच्या भावानें देऊन टाका." त्या माळ्यावर आजोबांच्या पोथ्यांची पत्र्याची पेटी होती, हें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. संस्कृताच्या शिक्षकानें उच्चारलेलें हें वाक्य आहे!

त्या रात्रीं आम्हीं दादांस दूरध्वनि केला. घंगाळ, बंब, परातीं आणि दोन समया गेल्या होत्या. पेटी मात्र होती. "रद्दीवाल्यानें उघडून पाहिली आणि कागद जुना आहे, लगदाहि व्हायचा नाहीं, म्हणून टाकून गेला," असें दादा म्हणाले. आमच्या विद्येनें जें राखलें नाहीं, तें रद्दीवाल्याच्या नापसंतीनें राखलें!

परत आल्यावर ती पेटी आम्हीं सर्वांनीं मिळून ओटीवर उघडली. एकोणीस पोथ्या निघाल्या. दोन वाळवीनें खाल्लेल्या. सर्वांच्या संमतीनें त्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे विचारणा करून सोंपवावयाच्या असें ठरलें आहे. १९१७ पासून हस्तलिखितें सांभाळणाऱ्या त्या संस्थेहून त्यांस बरें घर कोणतें? पोथ्यांच्या तळाशीं वडिलांच्या हातचा एक कागद होता. त्यावर आम्हां भावंडांच्या जन्मतिथि. त्यांत एक नांव दोन वर्षांची होऊन गेलेल्या बहिणीचें. आमच्या मुलांनीं तें नांव प्रथमच वाचलें.

पेटींत एकतीस छायाचित्रेंहि होतीं. दादांनीं चोविसांतील माणसें ओळखलीं. आणखी दोन वहिनींनीं ओळखलीं, त्याहि माहेरच्या आठवणीवरून. उरलेलीं पांच कोणासच सांगतां येईनात. त्यांतील एकांत नऊवारी नेसलेली एक वृद्धा खुर्चीवर बसली आहे. आमच्या आईला ती ठाऊक असणारच. परंतु आई असतांना आम्हीं विचारलें नाहीं.

तेव्हां वाचकांस, आणि विशेषतः आमच्या भगिनींस, एवढेंच सांगणें आहे. येत्या सुटींत घरच्या वडील माणसांजवळ छायाचित्रें घेऊन बसावें. प्रत्येकाच्या पाठीमागें नांव, नातें, गांव आणि आठवत असेल तर साल लिहावें; मऊ पेन्सिलीनें लिहावें, शाई पुढच्या अंगास उमटते. नातवंडांच्या हातून लिहवून घेतल्यास अधिक बरें. दादांच्या सव्वीस चित्रांवरील अक्षर आमच्या पुतणीच्या दहा वर्षांच्या मुलीचें आहे. त्यांत ऱ्हस्वदीर्घाच्या चुका आहेत, आणि आम्हीं त्या दुरुस्त केलेल्या नाहींत.