जुनी मालमोटार: रूप आणि पारख

बैल पारखणारा शेतकरी शिंगांच्या हिंगुळास आणि बेगडास भुलत नाहीं. तो दांत पाहतो, खूर उचलून पाहतो, चार पावलें चालवितो आणि औतास जुंपून मगच इसार देतो. पण हाच चतुर गृहस्थ जुनी मालमोटार घ्यावयास गेला म्हणजे त्याची पारख कोठें जाते, कोण जाणे! नवा रंग, हौद्यावरील वेलबुट्टी आणि झळकणारे आरसे पाहून तो सौदा पुरा करतो. पुढें ऐन उसाच्या हंगामांत गाडी घाटांत बसली म्हणजे डोळे उघडतात; तोंवर कर्जाचे हप्ते मात्र सुरू झालेले असतात.

बाह्यरूप निरुपयोगी आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. रूप हा साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराची उलटतपासणी झाल्यावांचून निकाल देऊं नये, इतकेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

मीटरवर किलोमीटर थोडे, पण क्लच-ब्रेकच्या पायपट्ट्यांचें रबर झिजून गुळगुळीत झालेलें, असें आढळल्यास रबराचेंच खरें मानावें. कारण मीटर मागें फिरवितां येतो. हौद्याचे पोंचे व खरचटे हीं कष्टाचीं चिन्हें होत. त्यांस भिऊं नये. उलट चासीच्या एखाद्याच भागावर ताजा काळा रंग दिसला, तर त्याखालीं चीर वा वेल्डिंगची शिवण नाहीं ना, हें वांकून पाहावें. पुढील टायर एकाच कडेनें झिजला असेल, तर चाकांची ठेवण बिघडली आहे. क्वचित् आंसही वांकलेला असतो. धुऊन लखलखीत केलेलें इंजिन तेलगळतीचा पुरावा लपवितें. धुळीचें इंजिन त्याहून प्रामाणिक.

इंजिनास प्रथम हात लावून पाहावा. तें आधींच गरम असेल, तर दुसऱ्या दिवशीं पहांटे न सांगतां जावें आणि थंडपणीं सुरू करावयास लावावें. निळसर धूर निघाला तर इंजिन वंगणतेल जाळीत आहे. काळा धूर सतत येत असेल, तर डिझेल अधिक अथवा हवा कमी पडते. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर आंत पाणी शिरत असावें किंवा डिझेल पुरतें जळत नसावें. डिझेल इंजिनाचें तेल काळें दिसणें स्वाभाविक होय; पण तें दुधाळ दिसलें तर त्यांत पाणी मिसळलें आहे असें समजून हात जोडून निघावें.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वयें लागणारें योग्यता प्रमाणपत्र पाहावेंच. परंतु तें इंजिनाच्या उरलेल्या आयुष्याची हमी देत नाहीं. सातबाऱ्यावरील बोजा पाहतों, तसा गाडीच्या नोंदणीपत्रावरील कर्जाचा बोजाही पाहावा.

शेवटीं, विकणाऱ्याच्या ओळखीचा नसलेला मेस्त्री सोबत न्यावा. त्याची मजुरी वाचविणें ही काटकसर नव्हे. गाडी भरून चढावर व उतारावर चालवून पाहावी. विकणारा त्यास कचरला, तर तेंच त्याचें उत्तर समजावें. कारण उद्यां त्या गाडीच्या चाकावर बहुधा आपलाच मुलगा किंवा पुतण्या बसणार आहे. इंजिन बिघडलें तर पैसा जाईल, आणि तो पुन्हा मिळवितां येईल. उतारावर ब्रेक न लागल्यास जें जाईल, तें कोणत्याही हंगामांत परत येणार नाहीं.