पैसा सर्वांचा, दार एकाचेच

ब्रिटनमध्ये टीव्ही पाहणाऱ्यांकडून परवाना शुल्क घेतले जाते. मुख्यतः त्यावरच बीबीसी चालते. तरीही जुलै २००७ मध्ये बीबीसीने आपला आयप्लेअर खुला केला, तो फक्त विंडोज एक्सपीवाल्यांसाठी! मॅक आणि लिनक्स वापरणाऱ्यांनीही पैसे भरले होते. त्यांना मात्र दार बंद. कारण काय, तर कॉपी रोखणारे कुलूप मायक्रोसॉफ्टचे. आम्ही विचारतो, ते कुलूप निवडले कोणी? लोकांनी आवाज उठवला. डिसेंबर २००७ मध्ये आयप्लेअरचे कार्यक्रम ब्राउझरमध्ये मॅक-लिनक्सवरही दिसू लागले. म्हणजे अडचण यंत्राची नव्हती, इच्छेची होती. लोकांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या संस्थेला लोकांच्या यंत्राची जात विचारण्याचा अधिकार नाही. हक्काला अट लागली की त्याची मेहेरबानी होते. आम्हाला मेहेरबानी नको!