विश्लेषण : मुलांची फी अमेरिकेत पाठवताना धोका फक्त डॉलरच्या भावाचा आहे का?

समजा, धरमपेठेतल्या एका कुटुंबाची मुलगी अमेरिकेत एमएस करतेय. फी आणि राहणं मिळून वर्षाला ४० हजार डॉलर. २०२४ च्या सुरुवातीला डॉलर ८३ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे खर्च ३३ लाख २० हजार. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने पहिल्यांदाच ९० रुपये ओलांडले आणि तोच खर्च ३६ लाखांवर गेला. विद्यापीठाने फी एका डॉलरनेही वाढवली नाही, तरी घरातून २ लाख ८० हजार जास्त गेले. (गुगलवर दिसणारा भाव बँक देत नाही, तो फरक वेगळाच.)

शैक्षणिक कर्ज घेतलेल्यांची अडचण आणखी मोठी. कर्ज बहुतेकदा रुपयांत मंजूर होतं आणि फी डॉलरमध्ये भरायची असते. रुपया घसरला की मधली तूट पालकांनाच भरावी लागते.

हा धोका मोबाइलवर रोज दिसतो. न दिसणारा धोका म्हणजे पैसे पाठवण्याचे नियमच बदलणं. रुपया घसरू लागला की बाहेर जाणारे डॉलर अडवण्याचा मोह होतो, त्यामुळे हे दोन्ही धोके अनेकदा जोडीनेच येतात.

२०१३ मध्ये काय झालं होतं?

लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम, म्हणजे एलआरएस, रिझर्व्ह बँकेने २००४ मध्ये सुरू केली. तेव्हा मर्यादा होती २५ हजार डॉलर. पुढे ती वाढत २ लाखांवर गेली. मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने रोखे खरेदी आवरती घेण्याचे संकेत दिले आणि रुपया कोसळू लागला. १४ ऑगस्टला रिझर्व्ह बँकेने मर्यादा एका फटक्यात ७५ हजारांवर आणली आणि या योजनेतून परदेशात घर घ्यायलाही मनाई केली. ही मनाई २०१४ मध्ये मागे घेतली गेली. त्याच आठवड्यात सोन्यावरचं आयात शुल्क १० टक्के झालं. एवढं करूनही २८ ऑगस्टला डॉलर ६८ रुपयांच्या पुढे गेलाच.

रुपया सावरल्यावर मर्यादा २०१४ मध्ये सव्वा लाख आणि २०१५ मध्ये अडीच लाख डॉलर झाली. आजही माणशी, वर्षाला तीच आहे. शिक्षणासाठी विद्यापीठाच्या अंदाजपत्रकानुसार त्याहून जास्तही पाठवता येतात. रिझर्व्ह बँकेचं नागपूर कार्यालय सिव्हिल लाइन्समध्ये, धरमपेठेपासून फार दूर नाही. पण हे निर्णय मुंबई-दिल्लीत होतात आणि त्यांची कारणं अनेकदा वॉशिंग्टनमध्ये असतात.

मर्यादेला हात न लावताही पैसे अडतात?

हो, टीसीएसमुळे. २०२३ च्या अर्थसंकल्पात शिक्षण आणि उपचार वगळता इतर कारणांसाठी बाहेर जाणाऱ्या पैशांवरचा टीसीएस ५ वरून २० टक्के केला गेला. मे महिन्यात परदेशातला क्रेडिट कार्डाचा खर्चही एलआरएसमध्ये ओढला. गदारोळ झाला, तेव्हा कार्डाचा निर्णय लांबणीवर पडला आणि २० टक्के जुलैऐवजी ऑक्टोबरपासून लागू झाले. एप्रिल २०२५ पासून पहिल्या १० लाखांवर टीसीएस नाही आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या कर्जातून भरलेल्या फीवर तर मुळीच नाही. स्वतःच्या पैशांतून भरलेल्या फीवरचा दर २०२६ च्या अर्थसंकल्पाने ५ वरून २ टक्क्यांवर आणला. ही रक्कम विवरणपत्र भरताना वळती होते किंवा परत मिळते. पण फी भरायच्या दिवशी ती हातात नसते.

उलट दिशेनेही हेच. अमेरिकेतून बाहेर पाठवल्या जाणाऱ्या पैशांवर २०२५ मध्ये आधी ५, मग साडेतीन टक्के कराचा प्रस्ताव आला. कायदा झाला तेव्हा १ टक्का उरला, तोही रोखीसारख्या मार्गांवर. बँक खात्यातून पाठवणारे सुटले. तोवर अमेरिकेतल्या मराठी घरांत महिनाभर धाकधूक होती.

सर्वांत वाईट काय होऊ शकतं, हे नायजेरियात दिसलं. जून २०२३ मध्ये तिथल्या सरकारने नायराचा भाव मोकळा सोडला, चलन गडगडलं आणि २०२४ मध्ये ब्रिटनच्या टीसाइड विद्यापीठातल्या काही नायजेरियन विद्यार्थ्यांना फी थकल्याने शिक्षण सोडावं लागलं. भारताकडे परकीय चलनाचा साठा मोठा आहे, त्यामुळे ती वेळ इथे येण्याची शक्यता कमी. पण पुढच्या सत्राच्या फीचे डॉलर आधीच, टप्प्याटप्प्याने घेऊन ठेवले, तर एकाच दिवसाच्या भावावर आणि एकाच परिपत्रकावर सगळं अवलंबून राहत नाही.